तीन भोकं आणि एक चीर

अपेंडिक्सचं ओपन ऑपरेशन चालू असताना एक वेळ अशी येते की सर्जन पोटाकडे बघतच नाही. तर्जनी जखमेत गेलेली असते, मान वर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर, नाहीतर नुसतीच समोर. सगळं लक्ष बोटाच्या टोकात. सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या, मागे, आतड्यांच्या गर्दीत ते सुजलेलं शेपूट कुठे दडून बसलंय हे बोट चाचपत असतं. आम्ही सिस्टर लोक हातात बॅबकॉक, म्हणजे आतडं हलकेच धरायचा चिमटा, तयार धरून उभ्या. कुणी बोलत नाही. मग एकदम "आलं" असा शब्द येतो आणि सर पुन्हा खाली बघायला लागतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनातही पोटाकडे कुणी बघत नाही. तिथे अख्खी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, टीव्हीकडे बघते. सर, भूलतज्ज्ञ, मी, आणि दाराशी स्ट्रेचर घेऊन उभे असलेले वॉर्डबॉय मामासुद्धा. ओपनमध्ये मामांना कधी काही दिसलं नाही. मलाही बहुतेक वेळा सरांचा कोपरच दिसायचा. पडद्यावर मात्र अपेंडिक्स हातभर मोठं दिसतं, लालबुंद, वर रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि मामा बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगतात, "भलतंच सुजलंय हो."

मी आयुष्यभर ओटीत राहिले, आधी सरकारी दवाखान्यात आणि नंतर तालुक्याच्या गावी खासगी नर्सिंग होममध्ये. नोकरी संपली, फोन संपले नाहीत. कुणाच्या पोटात उजवीकडे दुखलं की सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सअॅपवर येतो आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न : "दुर्बिणीचं करू का ओपन?" कधीपासून दुखतंय, ताप आहे का, उलट्या किती झाल्या, हे मीच विचारायचं. ते कुणी आपणहून सांगत नाही.

ओपनची चीर फार मोठी असते असं लोकांना वाटतं. वेळेत आलेल्या सडपातळ मुलाला ती दोन-तीन इंचांची पुरते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीने १८८९मध्ये दुखण्याची नेमकी जागा सांगितली. कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ धरायची आणि हाडाकडून एक तृतीयांशावर बोट ठेवायचं. १८९४मध्ये त्याने चिरेची पद्धतही मांडली. त्यातली हुशारी अशी की कातडी कापायची, पण स्नायू कापायचे नाहीत. पोटाच्या भिंतीत तिथे स्नायूंचे तीन थर असतात आणि त्यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. बाजेच्या नवारीत बोटं घालून पट्ट्या बाजूला साराव्यात तसे ते धाग्याच्या दिशेने नुसते फाकवायचे. काम झालं की जखम उघडी धरणारे रिट्रॅक्टर काढायचे, थर आपापले मिटतात. म्हणून या चिरेला पुढे हर्निया क्वचित होतो. "पोट फाडलं" असं आपण म्हणतो खरं, पण चांगल्या हातातलं ओपन अपेंडिक्स हे फाडाफाडीचं काम नव्हे. स्पायनल भूल, एक सर्जन, एक मदतनीस, एक सिस्टर आणि उकळून-वाफवून घेतलेली मोजकी हत्यारं. लाइट गेली तर टॉर्च. मी टॉर्च धरलेली आहे.

तेव्हाही व्रणाची काळजी असायचीच, फक्त ती मुलींच्या बाबतीत. लग्नाच्या वयाची पोर ओटीत घेताना तिची आई मला कोपऱ्यात ओढायची. "सिस्टर, जरा खाली घ्या म्हणावं, साडीत झाकेल असं." काही सर्जन मग कातडीच्या घडीत बसणारी आडवी चीर घ्यायचे, लँझ नावाच्या सर्जनच्या पद्धतीची. सर हसायचे, पण घ्यायचे. मुलाच्या आईने असं म्हटल्याचं मला आठवत नाही. दुर्बीण आली आणि ही कुजबुज उघड झाली. आता वडीलच म्हणतात, "खर्चाचं बघू, पण बिनटाक्याचं करा." टाके असतातच, बेंबीत एक आणि खाली दोन ठिकाणी बारीक. पण गावात बोर्डावर 'बिनटाका' लिहिल्यावर कोण वाद घालणार?

हे तंत्र सर्जन मंडळींनी आणलेलं नाही, हे मला फार उशिरा एका कॉन्फरन्समध्ये कळलं आणि गंमत वाटली. जर्मनीतल्या कील गावचा कुर्ट झेम हा स्त्रीरोगतज्ज्ञ. बायकांच्या ओटीपोटातली कामं तो दुर्बिणीने करत होता, त्यासाठी पोटात वायू मोजून सोडणारं यंत्र त्याने स्वतः बनवलं होतं. १९८०मध्ये त्याने दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं. जर्मन सर्जन्सच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला निलंबित करा म्हणून पत्र लिहिलं. एका अमेरिकन नियतकालिकाने त्याचा लेख अनैतिक म्हणून परत पाठवला. कुणाच्या हद्दीत कुणी शिरायचं हा वाद आपल्या ओटीतही असतो, फक्त पत्रं लिहिली जात नाहीत, चहाच्या खोलीत बोललं जातं.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी १९७२पासून दुर्बिणीने पोट तपासायला सुरुवात केली होती. तेव्हा सोनोग्राफी गावोगाव नव्हती, सीटी स्कॅन तर नव्हताच. आत काय आहे ते पोट उघडल्याशिवाय कळत नसे. गरीब पेशंटचं मोठं ऑपरेशन टाळायला ही दुर्बीण, असा त्यांचा हिशेब. १९९०मध्ये त्यांनी तिथेच दुर्बिणीने पित्ताशय काढलं, देशातलं पहिलं. ज्या तंत्राला आज लोक 'श्रीमंतांचं ऑपरेशन' म्हणतात ते आपल्याकडे सरकारी रुग्णालयात रुजलं हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला सांगत आले.

आता दुर्बिणीत नक्की होतं काय? संपूर्ण भूल द्यावी लागते, घशात नळी घालून. बेंबीपाशी दहा मिलिमीटरचं भोक, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत. पोट टम्म फुगतं, पाऱ्याच्या बारा ते पंधरा मिलिमीटर दाबापर्यंत. टेबल डोक्याकडून खाली आणि डाव्या कुशीवर कलतं करायचं म्हणजे आतडी घरंगळून बाजूला होतात. आणखी दोन बारीक भोकं, त्यांतून लांब दांड्याची हत्यारं. अपेंडिक्सला रक्त देणारी धमनी जाळायची किंवा क्लिप करायची, बुंध्याला तयार फास टाकून आवळायचा, कापायचं, पिशवीत घालून बेंबीतून बाहेर. ओपनमध्येही हेच करतात. धमनी बांधायची, बुंधा बांधायचा, कापायचं. फरक वाटेचा. आत पोचल्यावरचं काम तेच.

ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. बहुधा सर्वांत नवा पोरगा. त्याचा हात हलला की सगळ्यांना मळमळतं. आतल्या उबेने लेन्सवर धुकं धरतं, मग कॅमेरा बाहेर, गरम सलाइनमध्ये बुडवा, पुसा, परत आत. मी थर्मासमध्ये गरम सलाइन घेऊनच उभी राहायची.

आणि खांदा. पोटाचं ऑपरेशन झालेली बाई दुसऱ्या दिवशी उजवा खांदा धरून बसते आणि नातेवाईक घाबरून धावत येतात, "टेबलावरून पडली का काय?" उरलेला वायू पडद्याखाली, म्हणजे श्वासपटलाखाली साचतो, त्या भागाची आणि खांद्याची संवेदना वाहून नेणाऱ्या नसांचं मूळ मानेत एकाच ठिकाणी. म्हणून दुखतो खांदा. दोन-तीन दिवसांत जातं. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं की नंतरचे निम्मे फोन वाचतात.

जखमेच्या बाबतीत दुर्बीण सरस, यात वाद नाही. कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१८च्या आढाव्यात पंच्याऐंशी चाचण्या एकत्र केल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांवरच्या. दुर्बिणीत जखमेत पू होण्याची शक्यता ओपनच्या निम्म्याहून कमी. दवाखान्यातला मुक्काम सुमारे एक दिवसाने कमी, आणि रोजच्या कामाला माणूस सुमारे पाच दिवस आधी लागतो. पहिल्या दिवसाचं दुखणं कमी, पण फरक थोडा, दहाच्या मापावर एकसुद्धा भरत नाही. उलट बाजूला, पोटाच्या आत पू साचण्याची शक्यता दुर्बिणीत जास्त निघाली. बाहेरचा पू दिसतो, ड्रेसिंग करता येतं. आतला पू आठवड्याने थंडी-ताप घेऊन येतो.

मला मात्र सर्वांत आवडलेला अभ्यास लॉस एंजेलिसचा आहे, २००५मध्ये छापलेला. २४७ पेशंट. त्यांनी युक्ती अशी केली की कुठलंही ऑपरेशन झालेलं असो, सगळ्यांच्या पोटावर एकसारखंच ड्रेसिंग चिकटवायचं. पेशंटला कळणार नाही आपलं कुठलं झालंय, आणि दुखणं टिपून घेणाऱ्यालाही नाही. निकाल काय आला? दोन आठवड्यांनंतर 'कसं वाटतंय' या मापात दुर्बिणीवाले थोडे बरे, बाकी दुखण्यात, गुंतागुंतीत लक्षात घ्यावा असा फरकच नाही. ड्रेसिंग करण्यात हयात गेल्यामुळे असेल, पण मला हे वाचून नवल वाटलं नाही. वॉर्डात मी बघत आलेय : शेजारच्या खाटेवरच्या ओपनवाल्याला "तुमचं मोठं ऑपरेशन" असं चारजण म्हणून गेले की संध्याकाळपर्यंत तो कूस बदलायला घाबरतो. दुर्बिणीवाल्याला सकाळीच सांगितलेलं असतं, "तुमचं काय, उद्या घरी." तो उठून चालायला लागतो. चालला की गॅस पास होतो, गॅस पास झाला की चहा मिळतो, चहा मिळाला की तो बरा. ओपनवाल्यालाही पहिल्याच दिवशी उठवून चालवलं तर त्याचंही असंच होतं. मी उठवायची, नातेवाईक माझ्यावर ओरडायचे.

म्हणजे दुर्बीण फुकाची असं मुळीच नाही. माझ्या भावाच्या मुलीला उजवीकडे दुखायला लागलं तेव्हा मी स्वतःच भावाला म्हटलं, दुर्बिणीचंच कर. व्रणाचा विचार माझ्या मनातही नव्हता. वयात आलेल्या मुलीच्या उजव्या ओटीपोटात अपेंडिक्सच्या शेजारीच बीजकोश असतो. गाठ पीळ घेते, गाठ फुटते, नळीत गर्भ राहतो, आणि तक्रार शब्दाला शब्द तीच. दोन इंचांच्या चिरेतून त्या सगळ्याकडे नीट बघता येत नाही. कॅमेऱ्यातून दोन्ही बीजकोश, गर्भाशय, यकृतापर्यंत सगळं दिसतं. भाचीच्या बाबतीत अपेंडिक्सच निघालं, सुजलेलं आणि फुटायच्या बेतात. पण नसतं निघालं तरी आम्ही योग्य जागी बघितलं असतं. तसंच जाड माणसाचं. चार इंच चरबीतून अपेंडिक्स शोधायचं म्हणजे चीर वाढतच जाते, आणि तीच जखम पुढे पिकते. त्यांना दुर्बिणीचा खरा फायदा. सडपातळ दहावीतल्या पोराला, पहिल्याच दिवशी आलेल्याला, दोन्ही सारखंच. तिथे सर्जनचा हात कशात जास्त बसलाय तेवढं बघावं. "आत्या, व्रण दिसतो का गं?" असं भाचीने नंतर विचारलंच. बेंबीतला दिसत नव्हता.

एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलते, माफ करा. हत्यारं.

ओपनची हत्यारं पोलादी, सरळ. धुवा, ऑटोक्लेव्हमध्ये घाला, दाबावरच्या वाफेत मरत नाही असं फार काही उरत नाही. दुर्बिणीच्या हत्यारांना सांधे, नळ्या, झडपा, वर प्लॅस्टिकचं आवरण. रक्त आत जाऊन वाळतं. ती सुटी करावी लागतात, प्रत्येक नळीतून ब्रश फिरवावा लागतो. आणि पूर्वी बरीच हत्यारं वाफेत घालता येत नसत, म्हणून ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रवाच्या ट्रेमध्ये बुडवायची. त्या द्रवात वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, सगळे मरायला दहा तास लागतात. एका दिवसात चार केसेस लावल्या, हत्यारांचा सेट एकच, तर दोन केसेसच्या मध्ये दहा तास कुठून आणणार? वर ट्रेमधून काढलेलं हत्यार कुणी साध्या नळाच्या पाण्यात विसळलं की संपलंच. पाण्यात राहणारे क्षयाच्या जातीतले जंतू असतात. टाके सुकतात, पेशंट घरी जातो, आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ येते, पाझरायला लागते. साध्या अँटिबायोटिकने हटत नाही, महिनोन्‌महिने औषधं चालतात. आपल्या देशात या प्रकारच्या केसेस नियतकालिकांमधून किती छापून आल्यात. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी "सेट एकच आहे, तिसरी केस उद्या घ्या" म्हटलं तर "सिस्टर, तुम्ही सर्जन आहात का?" असं ऐकून घेतलं. मी सेट दिला नाही. त्या दिवशी केस झाली, पण ओपन.

म्हणून कुणी फोन केला की मी हमखास विचारते, त्या दवाखान्यात रोज दुर्बिणीची कामं होतात का? सीएसएसडी, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचा वेगळा विभाग, आहे का? लोकांना वाटतं म्हातारी काहीतरी भलतंच विचारतेय.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरून गेलेली असते : पेशंट कधी आला. अपेंडिक्सचं दुखणं सुरू होतं ते बेंबीभोवती. उजवीकडे ते नंतर सरकतं. बेंबीभोवती दुखलं की आपल्याकडे निदान तयार असतं, बेंबी सरकली. मग बेंबी बसवणारा माणूस, तेल लावून पोट चोळणं. हिंगाचा लेप. ओवा. आणि सर्वांत वाईट म्हणजे एरंडेल. सुजलेल्या, कोंडलेल्या अपेंडिक्सवर जुलाब. मग अचानक दुखणं थांबतं, घरचे म्हणतात उतार पडला, आणि तेव्हा ते फुटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पोट लाकडासारखं घट्ट घेऊन येतात आणि विचारतात, दुर्बिणीचं करता का?

शहाणी माणसंही थांबतात. लंडनचा फ्रेडरिक ट्रिव्हस हा अपेंडिक्समधला त्या काळचा मोठा जाणकार. दुखण्याचा झटका ओसरू द्यावा, मग ऑपरेशन करावं, या मताचा. १९००मध्ये त्याची स्वतःची मुलगी अपेंडिक्स फुटून गेली. दोन वर्षांनी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ला ठरलेला आणि राजाच्या पोटात उजवीकडे गाठ. राजा म्हणाला, अभिषेक होऊ दे. ट्रिव्हसने ऐकलं नाही. २४ जूनला राजवाड्यातच चीर देऊन पू काढला. अपेंडिक्स काढलंच नाही, नुसता पू वाहता केला. ऑगस्टमध्ये अभिषेक झाला. आजही जुन्या, पू साचलेल्या गाठीत पुष्कळदा तेच करतात : आधी पू काढा, अँटिबायोटिक द्या, अपेंडिक्स पुढे बघू.

आता तर ऑपरेशनच टाळायची भाषा सुरू झाली आहे. फिनलंडच्या एका चाचणीत न फुटलेल्या अपेंडिक्सला नुसती अँटिबायोटिक दिली. वर्षभरात सुमारे सत्तावीस टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांत सुमारे एकोणचाळीस. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक चीर आणि भोक दोन्हींतून सुटले. गंमत म्हणजे तुलनेसाठी ज्यांचं ऑपरेशन केलं त्यांचं बहुतेकांचं ओपन होतं. २०१५ साली छापलेल्या अभ्यासात! दुर्बिणीवाल्यांनी लगेच बोट ठेवलंच त्यावर. आमच्याकडच्या पेशंटला मी हे सांगायला कचरते. फिनलंडमध्ये सीटी स्कॅन करून, खडा नाही याची खात्री करून औषध देतात. इथे गोळ्या घेतल्या की माणूस परत तोंड दाखवत नाही.

संमतीपत्रावर एक ओळ असते, तिच्यावरून सर्वांत जास्त भांडणं होतात. "गरज पडल्यास ओपन करावे लागेल." सह्या करताना कुणी वाचत नाही. आत चिकटलेलं निघालं, रक्त दिसायचं थांबेना, बुंधाच सडलेला असला, की सर म्हणतात "ओपन करू" आणि मी ट्रॉलीवरचा झाकलेला दुसरा सेट उघडते. तो सेट कायम उघडायच्या तयारीत असायचा, हा माझा नियम. बाहेर मात्र "दुर्बिणीचं जमलं नाही" अशी बातमी जाते. जमलं नाही नव्हे, थांबायला जमलं. मी ज्या सर्जन्सना मानते ते सगळे वेळेवर कन्व्हर्ट करणारे होते.

आणि मधली वाट काढणारेही आहेत. खेड्यात काम करणारे काही सर्जन वायू न भरताच दुर्बीण घालतात. पोटाची भिंत एका कडीने वर उचलून धरायची, स्पायनल भुलेवर भागतं, घशात नळी नको, सिलिंडर नको. लहान मुलांत तर पुष्कळदा असं करतात की बेंबीतल्या एकाच भोकातून बघायचं, अपेंडिक्स पकडायचं, त्याच भोकातून बाहेर ओढून घ्यायचं आणि बाहेरच, जुन्या पद्धतीने, दोऱ्याने बांधून कापायचं. शोधलं दुर्बिणीने, काढलं ओपनसारखं. आमच्याकडे अशी एक केस झाली तेव्हा सरांनी नोट्समध्ये 'लॅप-असिस्टेड', म्हणजे दुर्बिणीच्या मदतीने, असं लिहिलं. संध्याकाळी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या, माणसाचा फोन. कॅशलेसच्या फॉर्मवर दोनच रकाने आहेत मॅडम, नक्की कशावर टिक करू? मी म्हटलं, पोरगा बरा आहे, भात खातोय, तुम्ही सरांनाच विचारा. सर दुसऱ्या केसमध्ये होते. शेवटी त्याने दोन्हींवर टिक केली आणि क्लेम क्वेरीत अडकला तो महिनाभर.